गोठलेल्या तळ्यावरची मेधा

त्या रविवारी सकाळी मेधाच्या नवऱ्याचा, विनयचा फोन आला तेव्हा मी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होते. "मेधा गेली," एवढंच तो बोलू शकला. झोपेतच, हृदय बंद पडून. मेधा माझी मैत्रीण. मूळची नागपूरची, इथे परदेशात बॉथेल गावी राहायची, आणि सॉफ्टवेअरमधली नोकरी सांभाळून हिवाळाभर पक्ष्यांचे फोटो काढत हिंडायची. काही आठवडे झाले आता. पण डोळे मिटले की मला ती तळ्यावरच दिसते...

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोघी डोंगरापलीकडच्या पठारावर गेलो होतो. तिकडे हिमघुबड आल्याचं तिला कळलं होतं. दुपारी ते दिसलं. दूर कुंपणाच्या खांबावर बसलेलं, बर्फासारखंच पांढरं, फक्त डोळे पिवळे. मेधा कॅमेरा घेऊन वाकून पुढे सरकू लागली. जमीन कुठे संपते आणि गोठलेलं तळं कुठे सुरू होतं, काही कळत नव्हतं. "मेधा, बास झालं, मागे ये," मी म्हणाले. तिने मागे न बघता नुसता हात हलवला. मग कडकन् आवाज झाला आणि ती कंबरेपर्यंत पाण्यात गेली.

मी धावले. "धावू नकोस. आडवी हो," ती म्हणाली. मीटिंगमध्ये बोलावं तसा शांत आवाज. मी पोटावर सरकत, माझ्याकडे दिलेला तिच्या कॅमेऱ्याचा ट्रायपॉड पुढे केला. खाली बर्फ करकरत होता. पहिल्यांदा तिचा हात निसटला. मग तिने ट्रायपॉडचा पाय कोपरात अडकवला आणि मी मागे सरकत ओढत राहिले. ती बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते. कॅमेरा तळ्यातच राहिला.

गाडीत हीटर लावला, तिचे ओले कपडे काढून तिला माझ्या जाकिटात गुंडाळलं. दात वाजत असतानाच तिने विचारलं, "उडालं का गं ते?"

"नाही. बसलंय अजून," मी चिडूनच म्हणाले.

"मग ठीक आहे यार," ती म्हणाली आणि माझा हात घट्ट धरून रडायला लागली.

परवा त्यांच्या घरी गेले होते. विनय चहा घेऊन येत होता, तेवढ्यात खिडकीबाहेर टांगलेल्या दाण्यांच्या भांड्यावर एक छोटा राखाडी पक्षी येऊन बसला. विनय कप हातात घेऊन जागच्या जागी थांबला. त्याला पक्ष्यांत कधीच रस नव्हता. पण खिडकीशी पक्षी आला की घरात कुणी हलायचं नाही, असं मेधाचं सक्त सांगणं असायचं. मीही श्वास रोखून बसले. पक्षी दाणे टिपून उडून गेला... तरी विनय तसाच उभा होता. चहावर साय धरली होती.