बोट पाहून घडवलेली मुद्रा

हणमंतराव आण्णांची आणि माझी पहिली भेट वादाची झाली, हे या गौरवग्रंथात प्रांजळपणे सांगायला हवं.

माझे बाबा रेल्वेत हेडक्लार्क होते. निवृत्तीनंतर ते जयपूरला, मालवीय नगरात आमच्याकडे राहायला आले. कंपवातामुळे त्यांचा हात सही करीनासा झाला. मित्रांना पाठवायची पत्रं ते सांगत, मी लिहून घेई. पण खाली नाव कोण घालणार? "आता अंगठा लावू का?" असं एकदा म्हणाले आणि पत्रंच बंद झाली. म्हणून मी एक तयार चांदीची अंगठी घेतली आणि तिच्या सपाट माथ्यावर दुकानदाराकडून 'माधव' ही उलटी, उठावदार अक्षरं करून घेतली. शाईच्या पॅडवर टेकवून कागदावर दाबली की नाव उमटावं, ही कल्पना. अंगठी बाबांच्या सुजलेल्या पेरावरच अडली.

सांगलीकडून सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी तरुणपणी इथे आलेले आणि पुढे अंगठ्या घडवण्यात रमलेले आण्णा आदर्श नगरात बसतात. मी त्यांना म्हटलं, "जरा वाढवून द्या."

"न्हाई."

"का?"

"रबराची हाय का ताई ही? साधं वळं असतं तर आत्ता दिलं असतं. हिचा माथा सपाट हाय. खालनं ओढली की मधी खोल पडणार. अंगठी ऱ्हाऊ द्या, बोट आणा."

"वडील येऊ शकत नाहीत."

"मग मी येतो की!"

मला वाटलं, म्हातारा नवी अंगठी गळ्यात मारतोय. तसं मी डायरीत लिहिलंही. आज ते पान वाचताना लाज वाटते. अंगठी मी दुसरीकडून वाढवून आणली. कागदावर 'मा' आणि 'व' उमटले, मधलं अक्षर कोरंच राहिलं. शिवाय पेरावरून जावी म्हणून सैल केलेली ती अंगठी माथ्याच्या वजनानं तळहाताकडे फिरत होती. बाबांनी बोटाची शाई पुसली. "राहू दे गं," एवढंच म्हणाले.

मी खाली मान घालून आण्णांकडे गेले.

"झालं तुमचं? आता माझं ऐका."

ते स्कूटरवरून तीनदा घरी आले. थंडीतल्या सकाळी, भर दुपारी आणि संध्याकाळी, कारण बोट दिवसभर एका मापाचं राहत नाही. आधी पितळेची अंगठी करून ती बाबांना आठ दिवस घालायला दिली. बाबा मूठ करंगळीकडे कलती दाबतात, हे त्यांनी हेरलं. "नुसत्या बोटाचं माप घेऊन भागत न्हाई, दाबायची तऱ्हाबी मापावी लागती," ते म्हणाले. मग चांदीची नवी अंगठी घडवताना माथ्याला त्यांनी तेवढाच कल दिला आणि अंगठी फिरू नये म्हणून आतून दोन बारीक दाणे बसवले.

आणि पहिल्याच दाबाला 'माधव' उमटलं! पूर्ण, काळंभोर, सरळ. बाबांनी वर्तमानपत्रावर नाव उमटवलं, वीजबिलावर, माझ्या डायरीवरही. "आणखी कागद आण!" ते ओरडले.

आण्णा हसून म्हणाले, "बास की साहेब, आता टेबलालाबी नाव घालताय काय?"

त्याच आठवड्यात चार पत्रं गेली.

एका अनुभवावरून नियम काढावा का, असं मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. साधी वळी आण्णा आजही आनंदानं वाढवून देतात. पण मुद्रेची अंगठी कारागिरानं माणसाचं बोट पाहूनच घडवावी. तयार अंगठी ओढूनताणून बोटात बसली, तरी त्या माणसाची होत नाही. हे मी आता बिनदिक्कत लिहिते.

आण्णांना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. माझ्या शुभेच्छा आहेतच, पण बाबांनी सांगितलेल्या मजकुराचा कागद सोबत जोडते. संपादकांनी तो जसाच्या तसा छापावा.

"हणमंतराव, निरोगी राहा, भरपूर जगा. तुमच्या शंभरीलाही पत्र धाडणार आहे."

खाली बाबांनी स्वतः नाव घातलं आहे.