संघटनेने लिहून घेतलेला जबाब

पोलिसांना कायद्याने संघटना करता येत नाही. शिरूर-दौंडकडच्या लोकांनी यावर आपल्यापुरता उपाय काढला होता. पोलीस, अग्निशमन आणि सुरक्षा कर्मचाऱ्यांची संघटना, अशी पाटी लावली होती. पदाधिकारी सगळे निवृत्त पोलीस. सभासद म्हणजे अग्निशमन केंद्रांवरचे ठेक्याचे जवान, होमगार्ड आणि कारेगावच्या बाजूच्या कारखान्यांचे वॉचमन. नोकरीतले पोलीस सभेला येत ते बंदोबस्तासाठी. ड्युटी आठ तासांची झालीच पाहिजे, अशी गर्जना व्यासपीठावरून होई, तेव्हा पहाटेपासून उभा असलेला हवालदार काठी काखेत धरून ती ऐकत असे. एकदा मी त्याला या मागणीबद्दल विचारले.

"मी हितं न्हाईच असं समजा," तो म्हणाला.

मी तेव्हा एका वर्तमानपत्रासाठी दोन्ही तालुक्यांच्या बातम्या पाहत असे. या संघटनेच्या बातमीला कष्ट पडत नसत. सभेचा वृत्तांत अध्यक्ष आदल्या दिवशीच पाठवत. एकदा सभा ऐनवेळी रद्द झाली, तरी टाळ्यांचा कडकडाट आमच्या कार्यालयात वेळेवर पोचला होता.

अध्यक्ष मांडवगण फराट्याकडचे, निवृत्त सहायक फौजदार. सगळे त्यांना आबा म्हणत. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी ठाण्याच्या एका टेबलाशी बसून जबाब लिहिण्यात काढली होती, आणि जिल्ह्यात आपल्यासारखा जबाब कोणी लिहीत नाही, असे ते सांगत. हे खरे असावे. कारण असे की, त्यांच्या तोंडून जुने किस्सेही "सदर इसम" आणि "नमूद ठिकाणी" अशा भाषेत निघत.

संघटनेचा वार्षिक मेळावा त्या वर्षी एका गावाबाहेरच्या मैदानावर होता. गाळप हंगामाचे शेवटचे दिवस होते. मैदान कोरडे ठणठणीत, आणि खुर्च्यांचा टेम्पो आला तोच धुळीचा लोट घेऊन. सकाळी नऊच्या सुमारास आबांनी जवळच्या अग्निशमन केंद्राला फोन लावला. कोणत्या केंद्राला ते मुद्दाम सांगत नाही. मी शेजारीच चहा घेत होतो, आणि आबा फोन नेहमी स्पीकरवर ठेवूनच बोलत.

पलीकडे ठेक्यावरचा फायरमन होता. पाटसजवळ राहणारा, दोन शाळकरी मुलींचा बाप. सात वर्षे त्याची नेमणुकीची ऑर्डर दर अकरा महिन्यांनी नवी होत आली होती, आणि कायम भरतीचे वय त्याच वर्षांत उलटून गेले होते. त्या महिनाअखेरीस ऑर्डर पुन्हा नवी व्हायची होती.

"आबा, गाडी एकच हाय," तो म्हणाला. "रिकामी झाली तर भराया टाइम लागतो. ऊस पेटायचं दिस हायती."

"आरं, आपल्याच लोकांचं काम हाय. साहेब पाहुणे म्हणून येणार हायती. त्यांच्या तोंडात माती घालतो का?"

"साहेबांना इचारू का?"

"साहेबांना काय इचारतो? युनियन कुणासाठी हाय मग?"

गाडी आली. मैदान छान भिजले. साहेब, म्हणजे त्याच केंद्राचे प्रमुख अधिकारी, अकरा वाजता आले, ओल्या मैदानावरून चालत व्यासपीठावर गेले आणि व्यवस्था चोख आहे असे म्हणाले. आबांनी भाषण सुरू केले. आमचा जवान चोवीस तास सज्ज असतो, एका क्षणाचाही विलंब होत नाही, या वाक्यापर्यंत ते आले होते, तेव्हा मागच्या रांगेतला फायरमन फोन कानाला लावून पळत सुटला. पाटसच्या अलीकडे उसाच्या फडाने पेट घेतला होता.

टाकीत पाणी नव्हते. गाडी आधी केंद्रावर गेली, भरली, मग निघाली. पोचेपर्यंत दीड एकर ऊस जळून विझलाही होता. कोणाला इजा झाली नाही. शेतकरी बांधावर उभा होता. त्याने गाडीकडे पाहिले, फायरमनकडे पाहिले.

"पाहुनं, उशीर केला," तो म्हणाला. "आता गाडी धुवा हितंच. पाणी वाया जाया नको."

जळलेला ऊस कारखाना आधी उचलतो. दुसऱ्याच दिवशी त्याच्या फडात तोडणीची टोळी उतरली. महिनाभर तोडीची वाट पाहत बसलेले शेजारी मग त्याच्याकडे जरा असूयेनेच पाहत होते. तक्रार मात्र त्याने केली, आणि तो हक्क त्याचा होताच.

चौथ्या दिवशी फायरमनला नोटीस मिळाली. विनापरवाना गाडी नेऊन पाणी वाया घालवल्याबद्दल आपली ऑर्डर पुढे का चालू ठेवावी, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. खाली सही साहेबांची. आमच्या वर्तमानपत्रात मात्र "मैदानावर पाणी मारून नेटके नियोजन" असे छापून आले होते. ते वाक्य आबांचे होते. मी ते कापले नव्हते.

फायरमन नोटीस घेऊन शिरूरला संघटनेच्या कार्यालयात आला. कार्यकारिणी जमली; बातमीसाठी मीही होतो. सगळ्यांनी नोटीस आळीपाळीने वाचली. संघटना जवानाच्या पाठीशी भक्कम उभी आहे, असा ठराव झाला, आणि चहा मागवला गेला.

"ठराव ऱ्हाऊ द्या," फायरमन म्हणाला. "आबा, तुम्ही फकस्त एवढं लिहून द्या, की पाणी माराया मीच सांगितलं व्हतं."

आबांनी चष्मा काढला, पुसला. "सांगितलं व्हतं. हुकूम न्हवता दिला. फरक असतो."

"मग मी कशापायी आलतो? धूळ बघाया?"

खजिनदार हसू लागले आणि आबांनी पाहिल्यावर थांबले. "असं कर," आबा म्हणाले. "तुझा खुलासा मीच लिहितो. माझ्या हातचा कागद आजवर कुठं परत आला न्हाई."

त्यांनी कोरा कागद ओढला, समास पाडला आणि लिहायला बसले. मध्ये वय विचारले, धंदा विचारला, राहणार कुठला ते विचारले. वीस मिनिटांत कागद भरला. मग त्यांनी तो मोठ्याने वाचून दाखवला. समक्ष विचारले वरून सांगतो की, मी वरील ठिकाणी राहण्यास असून फायरमन म्हणून नोकरी करतो. नमूद दिवशी मी आपखुशीने सदरची गाडी घेऊन मैदानावर गेलो. माझ्यावर कोणाचाही दबाव नव्हता. सदर मैदानावर मी स्वतः पाणी मारले. माझी चूक मला मान्य आहे. माझा जबाब मला वाचून दाखवला, तो माझे सांगणेप्रमाणे बरोबर आहे.

कागद फायरमनच्या पुढ्यात आला. त्याने तो पुन्हा एकदा सावकाश वाचला.

"आबा, ह्यात तर मीच आरोपी हाय."

"जबाब म्हणल्यावर कुणीतरी लागतोच की रं."

"आन् तुम्ही कुठं हाय ह्यात?"

"मी लिहिणारा."

आबांनी हे मुद्दाम केले की हात सवयीने गेला, हे मला आजही सांगता येत नाही. इतकी वर्षे समोर बसलेल्या माणसाकडून त्यांनी एकच गोष्ट लिहून घेतली होती, आणि आता आपला सभासद वाचवायला बसले, तरी लेखणीला दुसरी वाट ठाऊक नव्हती. कार्यकारिणीतल्या बाकीच्या निवृत्तांनी कागद हातात घेऊन मान डोलावली. एकाने अक्षराचे कौतुक केले. दुसऱ्याने सहीची जागा दाखवली.

फायरमनने सही केली नाही. "बघतो," म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी त्याने मला साहेबांच्या केबिनबाहेर थांबायला सांगितले. फोन झाला तेव्हा तुम्ही तिथे होता, लागले तर तेवढे सांगा, एवढेच त्याचे म्हणणे होते. दार उघडे होते. त्याने स्वतःच्या हाताने चार ओळी लिहिल्या होत्या. पाणी मी मारले. संघटनेच्या अध्यक्षांनी फोनवर सांगितले म्हणून मारले. तेव्हा आपण त्याच मेळाव्याचे पाहुणे होता. गाडी द्यायला मी नकार द्यायला हवा होता, तो दिला नाही.

साहेबांनी तिसऱ्या ओळीवर बोट ठेवले.

"हे लिहायची गरज आहे का?"

"साहेब, पाणी कशासाठी मारलं त्ये लिहावं लागतं ना."

"माझ्यासाठी मारलं असं म्हणायचंय तुला?"

"न्हाई साहेब. धुळीसाठी. तुम्ही फक्त त्याच्यावरून चालत आलात."

साहेबांनी खुलासा परत मागितला नाही आणि पुढेही पाठवला नाही. सक्त ताकीद देऊन प्रकरण दप्तरी दाखल केले. ताकीद कशाची, हे त्यात नव्हते. महिनाअखेरीस अकरा महिन्यांची ऑर्डर आली.

लगोलग आबांचा मजकूर माझ्याकडे पोचला: संघटनेच्या दणक्याने जवानाला न्याय. मी तो छापला नाही. हे त्या प्रकरणातले माझे एकमेव कर्तृत्व. फायरमनने स्वतः लिहिलेल्या चार ओळींची खबर आबांना आधी लागली नव्हती. ती लागल्यावर दुसरा दणका बसला, तो फायरमनलाच. संघटनाविरोधी वर्तनाबद्दल सभासदत्व का रद्द करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. त्याने केला नाही. सभासदत्व रद्द झाले.

ते पत्र घेऊन एक होमगार्ड केंद्रावर आला, तेव्हा मी तिथे होतो. फायरमन गाडीच्या टाकीत पाइप सोडून पाणी चढताना पाहत उभा होता. त्याने पोच म्हणून सही केली, पत्र खिशात घातले आणि होमगार्डला चहा विचारला. होमगार्ड बसला. कप अर्धा झाल्यावर त्याने इकडेतिकडे पाहिले.

"व्हय रं," तो हळू आवाजात म्हणाला, "आपल्याला बी असं काढून टाकाया काय करावं लागतं?"