दुधात चुरलेली भाकर

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कधी डोळ्यांच्या ऑपरेशनचं निमित्त काढलं, कधी नातवाच्या परीक्षेचं. खरं कारण एवढंच, की यात मी चांगला दिसत नाही.

एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो, त्या सुमारास चिखलीच्या एका वाचनालयात रविवारी लेखनाचा वर्ग भरायचा. मी उंद्रीहून बसने जायचो. नोकरीत मी कोणती गाडी आली आणि कोणती सुटली, एवढंच लिहिलं होतं. शिकवणारे सर म्हणायचे, "खऱ्या माणसावर लिहा. मनाचं काही घालू नका. कुठून बघायचं आणि कुठे थांबायचं, ते मात्र तुमच्या हातात आहे." त्यातलं शेवटचं वाक्य मला फारच आवडलं.

मी आमच्या गावातला म्हातारा पिंजारी निवडला. जन्मभर त्याने रुई पिंजून लोकांच्या गाद्या भरल्या. आता हात थकले होते. रोज सकाळी तो बसस्टँडवरच्या हॉटेलात यायचा आणि चहात टोस्ट बुडवून खायचा. मी त्याच्याजवळ जाऊन बसू लागलो. एकदा विचारलं, "चाचा, घरी चहा मिळत नाही का?"

"मिळते ना. सून पहाटेच दुधात भाकर चुरून देते. दात कुठं राह्यले आता? मंग ते जाते कापूस वेचाले, पोरगा जाते मिस्तरीच्या हाताखाली. मी काय भिंतीसंगं बोलू?" मग हॉटेलवाल्याकडे वळून म्हणाला, "साहेबाचा चाय माह्याकडून. एसटीच्या पेन्शनीत त्याहिचं भागत नसंल."

पहिल्या खर्ड्यात मी ती भाकर लिहिली होती. पण ती आली की लेख सैल पडायचा. ऐकणाऱ्याला काही लागायचं नाही. मी ते वाक्य खोडलं. उरलं ते असं: सकाळी त्याच्या घराला कुलूप असतं, सून कामावर गेलेली असते, आणि म्हातारा स्टँडवर एकटा बसून टोस्ट मऊ होईपर्यंत चहात धरून ठेवतो. तिथेच थांबलो. वर्गात वाचलं तेव्हा एका बाईंनी डोळे पुसले. सरांनी विचारलं, "सगळं पाहिलेलं आहे ना?" मी हो म्हणालो. पाहिलेलं तर होतंच.

एका साप्ताहिकात लेख फोटोसह छापून आला. हॉटेलवाल्याने तो सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. चाचा आला तोवर वाचून झालं होतं. त्याला वाचता येत नव्हतं, त्याने नुसता फोटो पाहिला. म्हणाला, "टोपी तिरपी आली राव." एक ड्रायव्हर मला म्हणाला, "साहेब, आमच्यावरही लिहा. फक्त घरचीले मधात आणू नका." सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या आठवड्यात चाचा स्टँडवर दिसेना. आजारी असेल म्हणून संध्याकाळी त्याच्या घरी गेलो. तो आत खाटेवर होता. सून ओढणी सावरत दारात आली.

"काका, एक विचारू? मी अब्बाले उपाशी ठेवत होती काय?"

"मी तसं कुठे लिहिलंय?"

"तसं नाही लिहिलं. पण लोकं तसंच समजून राह्यले. वावरात बाया म्हणतात, 'तुह्या सासऱ्यासाठी आमच्या डब्यातलं ठेवू काय वं?' मंग मीच अब्बाले म्हटलं, नका जाऊ स्टँडवर. तिथं बसले का लोकं माह्यावर बोलतात."

"लेखात थोडं तसं लिहावं लागतं," मी म्हणालो.

"हाव," ती म्हणाली.

आतून चाचाचा आवाज आला, "साहेब आले काय? चाय ठेव बेटी." मी चहा घेतला, कापसाच्या भावाचं बोललो आणि निघालो.

तो हिवाळा आणि उन्हाळा चाचाने खाटेवर काढला. गप्पांचा माणूस तो. मी सुरुवातीला जायचो, मग सुनेसमोर जाणं जड होऊ लागलं आणि जाणं सुटलं. पावसाळ्यात तो गेला. मयतीला मी गल्लीत पुरुषांमध्ये बसून परत आलो. पुढे चाचाच्या मुलाला जालन्याकडे काम मिळालं आणि ती दोघं घर सोडून गेली.

मी त्यानंतरही लिहीत राहिलो. आता लेख झाला, की काय लिहिलं यापेक्षा काय खोडलं ते आधी बघतो. त्याचा चाचाच्या सुनेला काही उपयोग नाही.

तीनेक वर्षांपूर्वी ती चिखलीच्या स्टँडवर दिसली, हातात पिशवी, सोबत कोणी नाही. तिनेच ओळखलं. "काका, तब्येत बरी हाय ना?" आजूबाजूला ओळखीचं कोणी नव्हतं. बोलता आलं असतं. मी म्हणालो, "जालन्याची गाडी लागली आहे, लवकर जा, जागा मिळेल." ती गेली. गाडी सुटायला अजून बराच वेळ होता, आणि ते मला माहीत होतं.

तेव्हा म्हणायचं होतं ते असं: बाई, तू त्यांना रोज पहाटे जेवू घालत होतीस. त्यांनी स्वतः मला सांगितलं होतं. मी ते लिहून खोडलं. त्यांचं स्टँडवर बसणं तुझ्यामुळे नाही, माझ्यामुळे सुटलं. मला माफ कर.