सत्काराचं उत्तर

आमच्या मराठी मंडळात सगळ्यांना वाटतं की दिवाळीच्या कार्यक्रमात तिबेटी मंडळींना बोलायची संधी मी दिली. लोक कौतुक करतात आणि मीही आजवर मान डोलावत आलो. ते खरं नाही, म्हणून हे लिहितो आहे.

त्यांच्यातली एक मुलगी इथे डेट्रॉइटजवळच्या ट्रॉयमध्ये आमच्या पुढच्याच गल्लीत राहते. लहानपणी मामाबरोबर डोंगर ओलांडून भारतात आली. आई आणि धाकटा भाऊ तिबेटमध्येच राहिले. मामा थंडीत पुण्याच्या फूटपाथवर स्वेटर विकायचा, तिचं मराठी तिथलं. पहिल्याच भेटीत म्हणाली, "काका, पुण्याचे ना? मग आमचा स्वेटर निम्म्या भावात मागितला असणार!" मागितला होता.

तिचा भाऊ गावातल्या मुलांना तिबेटी लिहा-वाचायला शिकवायचा. एक दिवस चिनी पोलीस त्याला घेऊन गेले. कुठे, ते आईला कोणी सांगेना. तो जिवंत आहे की नाही, हेही कळेना. इथली तिबेटी कुटुंबं एकेका नेत्याचं दार ठोठावत होती, सगळीकडून गोड शब्दांत बोळवण होत होती. आमच्या दिवाळीला एक खासदारबाई पाहुण्या म्हणून येणार हे कळल्यावर ती घरी आली. "काका, दोन मिनिटं द्या. जास्त नको." मी हो म्हटलं.

कमिटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरी म्हणाला, "काका, पॉलिटिक्स नको यार. अर्धं मंडळ व्हिसावर आहे. उद्या कोणाचं काही अडकलं तर?" मला तर कसलीच भीती नव्हती, मी केव्हाच सिटिझन झालो होतो. तरी अध्यक्ष म्हणून मी तिला फोन केला, "यंदा तुम्ही फक्त नाच करा."

"ठीक आहे, काका," एवढंच म्हणाली.

नाच सुरेख झाला. नंतर तिने त्यांच्या रीतीप्रमाणे खासदारबाईंच्या गळ्यात खाता, म्हणजे पांढरा रेशमी पट्टा घातला. माझं मन मला खात होतं. त्याला गप्प करायला मी तिला पुढे बोलावलं, शाल पांघरली, हातात नारळ दिला. वाटलं, विषय संपला.

नारळ काखेत धरून ती सरळ माइकपाशी गेली. "काका, सत्काराला उत्तर द्यायचं असतं ना?" हॉल हसला. पुण्याच्या मांडवांमध्ये तिने असले सत्कार पाहिले होते, आणि ही रीत आम्हीच विसरलो होतो.

मग ती इंग्रजीत भावाबद्दल बोलू लागली. मी साउंडच्या टेबलाकडे हाताने खूण केली. माइक बंद पडला.

तिने माइककडे एकदा पाहिलं, मग स्टेजच्या कडेला येऊन आवाज चढवला. रडली नाही, कोणाला शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, "माझा भाऊ शिक्षक आहे. तो कुठे आहे, हे माझ्या आईला हवंय. मॅडम, वॉशिंग्टनमध्ये त्याचं नाव घेऊन विचारा. आम्ही विचारलं तर कोणी ऐकत नाही." दोन मिनिटंही घेतली नाहीत. आमच्याकडे भाषण चालू असताना गप्पा थांबत नाहीत, पण त्या दिवशी बटाटेवड्यांची रांगसुद्धा गप्प होती. खासदारबाई उठून तिच्याकडे गेल्या आणि नीट उच्चारता येईपर्यंत भावाचं नाव तिच्याकडून म्हणवून घेतलं.

पुढे ते नाव वॉशिंग्टनच्या सभागृहात घेतलं गेलं. काही महिन्यांनी आईला निरोप मिळाला, मुलगा जिवंत आहे, अमुक तुरुंगात आहे.

परवा ती एक खाता घेऊन माझे आभार मानायला आली. मी हात आडवा धरला. "आधी ऐक. माइक मी बंद करायला लावला होता."

"मालूम है, काका. तुमचा हात दिसला होता मला."

"मग हे कशाला?"

"हॉल तुमचा होता. नारळ पण तुम्हीच दिला," म्हणाली आणि हसत खाता माझ्या गळ्यात घातलाच. मग चहा पिताना म्हणाली, "जिवंत आहे, पण सुटला नाही अजून."

मंगळवारी तिबेटी मंडळी डेट्रॉइटला सेनेटरच्या ऑफिसात जाणार आहेत. बर्फ असलं की तिला हायवेवर गाडी चालवायची भीती वाटते. या जगात तिला तेवढीच भीती वाटत असावी. ड्राइव्ह मी करणार आहे. बोलेल ती.