बर्फाखालचे बुवा

सीलमावशी वाक्याच्या मधोमध थांबायच्या. लंडनच्या हीथ्रो विमानतळाला लागून असलेल्या हाउन्सलोतल्या त्यांच्या घरावरून विमान उतरायला लागलं की उजव्या हाताचं बोट वर जायचं, तोंड मिटायचं, आणि विमान पार निघून गेलं की राहिलेल्या शब्दापासून वाक्य पुढे सुरू. 'भाजीत मीठ' आणि 'कमी आहे' यांच्या मधून एक अख्खं जंबो जेट गेलेलं मी स्वतः ऐकलं आहे. त्यांचे यजमान, म्हणजे काका, मात्र विमानावर आवाज चढवायचे. जन्मभर विमानतळावर कार्गोत नोकरी, त्यामुळे घसा तसाच घडलेला. "ज्या आवाजावर घर चाललं त्याला नावं कशाला ठेवायची?" असं ते ओरडून विचारायचे. मावशी शांतपणे म्हणायच्या, "समुद्रात पण दोन्ही जाती असतात गं. काही प्राणी बोट आली की आवाज चढवतात, काही गप्प बसतात. आमच्याकडे जोडी जमलीय."

मी पुण्याहून वर्क परमिटवर आले होते आणि त्यांच्याकडे वरच्या खोलीत भाड्यानं राहत होते. तेव्हा घरी फोन करायचा तर कोपऱ्यावरच्या दुकानातून कॉलिंग कार्ड आणावं लागे. मावशी युनिव्हर्सिटीत ध्वनिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या. पण एक काम त्यांनी सोडलं नव्हतं. उत्तरेकडे, आर्क्टिकच्या समुद्रात, त्यांच्या लॅबनं तळाशी एक यंत्र ठेवलं होतं. पाण्यातले आवाज ते वर्षभर टिपायचं. उन्हाळ्याच्या शेवटी बोट जाऊन ते वर काढायची, दुसरं खाली सोडायची, आणि वर्षभराचे आवाज एका हार्ड डिस्कवर भरून मावशींकडे पार्सलनं यायचे. त्यातला सील कुठला, देवमासा कुठला, बोट कुठली, हे मावशी बॉक्सरूममध्ये, म्हणजे घरातल्या सगळ्यात लहान खोलीत, हेडफोन लावून वेगळं करायच्या. सीलमावशी हे नाव त्यावरूनच पडलेलं. म्हणजे ऑक्टोबरात त्या एप्रिल ऐकत बसलेल्या असत.

जगातली सगळ्यात शांत जागा ऐकायला त्यांनी जगातलं सगळ्यात गोंगाटाचं घर निवडलं होतं, म्हणून आम्ही त्यांना चिडवायचो. त्यांनी त्याच्यावर तोड काढली होती. हीथ्रोची विमानं दुपारी तीनला धावपट्टी बदलतात आणि दर आठवड्याला क्रम उलटतो, त्यामुळे एक आठवडा सकाळ बरी जाते, एक आठवडा दुपार. मावशींचं सगळं वेळापत्रक त्यावर चालायचं. आमटीला फोडणीसुद्धा विमानांच्या वेळात, कारण ती वेळ नाहीतरी वाया गेलेली.

मराठी मंडळाच्या गणपतीत एका बाईंनी त्यांना विचारलं, "पण अहो, ते सील एकमेकांशी बोलतात तरी काय? तुम्हाला कळतं का?" मावशी म्हणाल्या, "तुम्ही किचनमधून काय बोलता ते तुमच्या मिस्टरांना कळतं का? तरी बोलताच ना?" त्या बाईंचे मिस्टर सगळ्यांत मोठ्यानं हसले. पुढच्या वर्षी दोघंही मावशींना टाळून पंगतीच्या दुसऱ्या टोकाला बसले.

बुवा मला त्यांनीच ऐकवले. दाढीवाल्या सीलचे नर वसंतात बर्फाखाली गातात, आणि एकेक नर वर्षानुवर्षं आपली जागा धरून असतो. यंत्राजवळचा असाच एक नर लॅबच्या लेखी नुसता एक आकडा होता. मावशी लहानपणी नागपुरात गाणं शिकलेल्या, त्यांनी त्याला बुवा केलं. खूप वरून एक सूर निघायचा, कापत कापत, घसरत खाली यायचा, इतका सावकाश की ऐकणाऱ्यानं श्वास घ्यायचं विसरावं. उतरताना एका ठिकाणी तो जरा अडखळायचा आणि पुढे जायचा. "ऐकलंस? तिथे बाकीचे सरळ जातात, बुवा वळसा घेतात," मावशी म्हणायच्या. मला तो वळसा कधीही ऐकू आला नाही. मी मान मात्र डोलवायचे.

दर शरदात घरात एकच प्रश्न असायचा, बुवा यंदा गायले का? पार्सल आलं की मावशी कोटसुद्धा न काढता ते कापायच्या. पण प्रत्येक वर्षी बुवांच्या गाण्याचे दिवस कमी भरत होते. "बर्फ म्हणजे समुद्राचं छप्पर गं," त्या सांगायच्या. "छप्पर लवकर उडतं आता. मग वारा आत, लाटा आत, बोटी आत. त्या बिचाऱ्यानं गायचं कुठे आणि ऐकायचं कुणी?" हे बोलताना त्यांचा आवाज आणखी हळू व्हायचा. काका अशा वेळी चहा टाकायला उठायचे.

माझ्या तिथल्या शेवटच्या वर्षी पार्सल आलं आणि मावशींनी ते उघडलंच नाही. बोटीवरच्या माणसांनी आधीच कळवलं होतं, यंदा त्या जागेचं बर्फ फार लवकर फुटलं, आणि तेल शोधणारं एक जहाज भर वसंतात तिथे काम करून गेलं. मावशींनी पार्सल एअरिंग कबर्डमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीजवळच्या कपड्यांच्या कपाटात, टॉवेलांवर ठेवून दिलं. टॉवेल काढताना आम्ही ते उचलायचो, परत ठेवायचो. शेवटी काका कडाडले, "अगं, उघड तरी ते एकदा!"

"उघडलं नाही तोवर आहेत ते," मावशी म्हणाल्या.

डिसेंबरच्या एका रविवारी दुपारी त्यांनी मला बॉक्सरूममध्ये बोलावलं आणि दुसरे हेडफोन माझ्या हातात दिले. एकटीनं ऐकायचं धैर्य होत नव्हतं, हे त्यांनी सरळ सांगितलं. एप्रिल लावला. दर काही सेकंदांनी ढप्, ढप् असा बार. तळाखाली तेल आहे का ते पाहायला पाण्यात हवेचा असा बार काढतात. मध्ये इंजिनाची घरघर. आम्ही बराच वेळ ते ऐकत राहिलो. मग दोन बारांच्या मध्ये एक सूर वरून निघाला, उतरायला लागला, आणि पुढच्या बारात बुडाला.

"मावशी, बुवा!" मी ओरडलेच.

त्यांनी तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. हो म्हणा, एवढंच मला हवं होतं. किती वेळा ऐकला कोण जाणे. मग त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले. "वळसा घ्यायच्या आधीच तुटलाय गं. मी माझी इच्छा ऐकतेय, आवाज नाही." आणि त्यांनी बुवांच्या आकड्यापुढे 'ओळख पटली नाही' असं टाइप केलं. त्यानंतर त्या रडल्या, अगदी आपल्या घरातलं कोणी हरवावं तशा. जरा वेळानं डोळे पुसून म्हणाल्या, "थांबले असतील. बार संपेपर्यंत गप्प बसले असतील. नवं यंत्र आहे खाली. पुढच्या वर्षी कळेल." मग मे महिना लावून त्या पुढे ऐकायला लागल्या.

फेब्रुवारीत माझं परमिट संपलं आणि मी परत आले. मावशींच्या ईमेल यायच्या, त्यात शेवटी बुवांची बातमी नाही म्हणून कुरकुर. जूनमध्ये काकांचा फोन आला. ते इतकं हळू बोलत होते की मला "काका, ऐकू येत नाही" असं म्हणावं लागलं. मावशी सकाळी बागेत कपडे वाळत घालताना गेल्या होत्या. खाली समुद्रात यंत्र चालूच होतं. त्या वसंतात बुवा गायले असतील तर तेव्हा मावशी होत्या, फक्त ते त्यांच्यापर्यंत पोचायला शरद यावा लागणार होता.

शरदात मी लॅबला लिहिलं. तिथल्या एका मुलीनं फार मायेनं उत्तर दिलं. यंदा जहाज आलं नाही, त्या जागी सीलचे आवाज बरेच आहेत, पण आता मोजणी कॉम्प्युटर करतो. एकेक प्राणी ओळखणं फक्त तुमच्या मावशींनाच यायचं. सोबत तिनं एक तुकडा पाठवला होता.

पुण्यात, दारं-खिडक्या लावून, मी तो ऐकते. वरून एक सूर निघतो, कापत कापत खाली येतो, कुठेही न तुटता पूर्ण उतरतो. बुवा असतील, किंवा दुसरं कोणी. हे सांगू शकणारं माणूस जगात एकच होतं.