पाठमोरा फोटो

आकुर्डीच्या आमच्या कॉलेजात नव्या साहाय्य कक्षाचं उद्घाटन झालं तेव्हा चार शाली, चार नारळ आणि सात रंगांची रांगोळी लागली. प्राचार्यांनी 'सर्व प्रकारच्या' विद्यार्थ्यांचं स्वागत केलं. प्रकार कुठले, ते सांगायचं मात्र टाळलं. फीत कापून मंडळी अल्पोपाहाराला गेली आणि खोलीला कुलूप लागलं. मागच्या रांगेत बसून मी हसले होते. दोन महिन्यांनी त्याच कुलपासमोर उभी होते.

रविवारी राजगुरुनगरहून पाहुणे मला बघायला येणार होते. मी शेवटच्या वर्षाला होते. मला मुली आवडतात हे मला नववीपासून ठाऊक होतं, घरात कुणालाच नव्हतं. वडिलांना कळलं असतं तर कॉलेज त्याच दिवशी बंद झालं असतं. नकार कसा द्यायचा आणि दिल्यावर राहायचं कुठे, एवढंच मला कुणाला तरी विचारायचं होतं.

किल्ली परीक्षा विभागातल्या क्लार्ककाकांकडे असायची.

"समुपदेशनाच्या मॅडम गुरुवारी येतात. तुला कशाला? प्रोजेक्ट हाय का?"

"हो, प्रोजेक्ट."

"मग ये बाई. आजवर कुणी फिरकलं न्हाई, अन् तपासणीला कमिटी यायचीय. दाखवायचं काय, कुलूप?"

मॅडम चांगल्या होत्या, हे आधी लिहून टाकते. माझं रडून होईपर्यंत थांबल्या. तू सज्ञान आहेस, तुझ्या मर्जीविरुद्ध तुझं लग्न कुणी लावू शकत नाही, म्हणाल्या. मुलींच्या एका वसतिगृहाचा नंबर कागदावर लिहून दिला. त्या आठवड्यात मला पहिल्यांदा भूक लागली.

मग त्यांनी संकोचत मोबाइल काढला. प्रत्येक भेटीचा फोटो कमिटीला दाखवावा लागतो, वर ठिकाण आणि वेळ उमटलेली.

"पाठमोरा काढते. चेहरा नाही येणार."

नाही म्हणायला हवं होतं. पण माझं ऐकून घेणारं ते एकच माणूस होतं. मी भिंतीकडे तोंड करून बसले.

शनिवारी दुपारी तो फोटो पालकांच्या ग्रुपवर आला. कुणीतरी उत्साहानं टाकला होता: 'कक्षाचा लाभ घेताना विद्यार्थिनी.' भिंतीवर ठसठशीत पाटी, 'एलजीबीटी विद्यार्थी साहाय्य कक्ष'. पाटीखाली माझी वेणी आणि आईनं शिवलेला निळा कुर्ता. कापड कमी पडलं म्हणून पाठीवर तिनं पिवळी पट्टी जोडली होती.

दिघीच्या आमच्या दोन खोल्यांत वडील चाकणच्या कंपनीतून तिसरी शिफ्ट करून आले होते, आत झोपले होते. त्यांचा मोबाइल आईच्या हातात होता.

"ही पट्टी मी लावलीय," ती म्हणाली. "हे काय असतं गं, एलजीबीटी?"

मी सांगितलं. हळू आवाजात, कारण मध्ये नुसता पडदा होता. तिनं मान वर केली नाही. फोटो मोबाइलमधून पुसला. खुंटीवरचा कुर्ता काढून आणला, कात्री घेतली आणि पट्टीची शिवण एकेक टाका करत उसवायला बसली. ह्यांनी आधीच बघितला असला तर, एवढंच पुटपुटली. मला वाटलं, वाचले.

कुर्त्याच्या खिशात नंबराचा कागद होता. तो तिला सापडला. तिनं वाचला, घडी घातली आणि स्वतःच्या ब्लाऊजमध्ये ठेवला.

"उद्या माझी गुलाबी साडी नेस," म्हणाली. "चहा तूच घेऊन यायचास."