कप्तानाच्या सतरा खुणा

बावीस फुटी बोट, तिच्यावर माणसं फार तर चार, तरी अख्खा धक्का त्याला कप्तान म्हणायचा. आधी चेष्टेने, मग सवयीने. पस्तीस वर्षं तो हौशी लोकांना खाडीत जिताडा मासा धरायला नेत होता, आणि त्याच्या बोटीवरून हात हलवत परत गेलेले लोक थोडेच होते.

आज मात्र परीक्षा त्याची स्वतःचीच होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी पडद्याचा आजार सांगितला होता: कडेचं दिसत राहील, समोरचं हळूहळू पुसत जाईल. कप्तानाने घरी त्यातलं निम्मंच सांगितलं. पण त्याची मुलगी, बोटीचं इंजिन आणि बुकिंग दोन्ही सांभाळणारी, काही दूधखुळी नव्हती.

"उद्या मी बोटीवर येते," ती आदल्या दिवशी म्हणाली होती. "तुम्हाला नीट दिसतंय असं वाटलं तर पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर सुकाणू माझ्याकडे."

कप्तान तोऱ्यात हो म्हणाला आणि तिथेच अडकला.

गिऱ्हाईक म्हणजे दातांचे एक डॉक्टर. नवी कोरी टोपी, नवा रॉड, आणि तोंडाची टकळी अखंड चालू. कप्तानाला ते बरंच वाटलं. मुलीचं लक्ष तेवढंच तिकडे.

खाडीत जिताडा कुठेही भेटत नाही. तो बुडालेल्या शिंपल्यांच्या थरांवर घोटाळतो, आणि ते थर वरून दिसत नाहीत. म्हणून किनाऱ्यावरच्या वस्तू एका रेषेत आणायच्या, त्या जुळल्या की नांगर टाकायचा. अशा सतरा जागांच्या खुणा कप्तानाच्या डोक्यात होत्या. खुणा बोलून दाखवायच्या नाहीत, सख्ख्या भावालासुद्धा, हा धक्क्यावरचा जुना रिवाज. त्याची बायको गेली तीही एकही खूण न कळता.

खरं तर गेले दोन महिने तो खुणा बघतच नव्हता. शिशाच्या वजनाला खालून साबण फासायचा आणि दोरीने ते तळाशी सोडायचं. साबणाला चिखल चिकटून आला तर पुढे चला, शिंपल्यांचा चुरा आला तर थांबा. काम चोख व्हायचं. पण मुलीसमोर साबण काढणं म्हणजे आंधळ्याची काठी काढणं, असं त्याच्या मनाने घेतलं. शिसं खोक्यातच राहिलं. पलीकडच्या किनाऱ्यावर काहीतरी पांढरं धुरकट होतं, तिकडे मान वळवून त्याने ऐटीत नांगर टाकला.

तास गेला. गळाला कोणी शिवेना.

"दिवसभर लोकांना तोंड उघडायला लावतो मी," डॉक्टर म्हणाले. "इथे कोणी ऐकायला तयार नाही."

"बाबा, बोट कुठल्या खुणेवर लावलीत?" मुलीने विचारलं.

हा प्रश्न विचारायचा नसतो. कप्तान वैतागला आणि वैतागाच्या भरात बोलून गेला, "पाण्याच्या टाकीवर! शाळेच्या छपराला टेकलीये. दिसत नाही का तुला?"

"तुम्हाला दिसतेय?"

"लख्ख."

तिने पलीकडच्या किनाऱ्याकडे नीट पाहिलं. "टाकी पाडलीये, बाबा. तो ढग आहे."

डॉक्टरांना एकदम आपल्या रिळात फार गुंता सापडला. कप्तानाने रागवायचा प्रयत्न करून पाहिला, पण राग काही येईना. नुसती लाज वाटत होती. त्याने नांगर उचलला, खोकं उघडलं आणि मुलीदेखत शिशाला साबण फासला. चौथ्या खेपेला शिंपल्यांचा चुरा आला. अर्ध्या तासाने डॉक्टरांचा रॉड कमानीसारखा वाकला आणि बोटीवर एकच आरडाओरडा झाला. साडेचार किलोचा जिताडा. फोटो काढून त्यांनी तो परत पाण्यात सोडला.

मुलगी साबणावरचा चुरा बोटाने चाचपत होती. "हे मला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर दिसत नाही हेही सांगावं लागलं असतं."

परतताना सुकाणू त्याच्याच हातात होतं. तिने ते मागितलं नव्हतं, आणि मासा मिळाला म्हणून त्याला थोडी आशाही वाटायला लागली होती. मग त्याने स्वतःच विचारायला सुरुवात केली.

"कारखान्याची चिमणी?"

"आहे."

"बर्फाच्या गोदामाचे लाल पत्रे?"

"बदललेत. निळे आहेत आता."

"टेकडीवरची दोन झाडं?"

"एकच आहे."

"दुसरं कधी पडलं?"

तिने इंजिनाकडे बघितलं. "तीन वर्षं झाली. तेव्हाच दाखवलं होतं मी तुम्हाला. तुम्ही हो म्हणालात."

कप्तानाने इंजिन मंद केलं आणि जागेवरून उठला. "बस इथे," तो म्हणाला.

ती बसली. तो तिच्या शेजारी उभा राहिला आणि उरलेल्या खुणा त्याने तिला धक्का येईपर्यंत एकेक करून सांगितल्या, गिऱ्हाइकासमोर, मोठ्याने.